कापसाचा चेंडू

आमच्या हायस्कुलात बास्केटबॉल हा खेळ येण्यापूर्वी त्याचे नियम आले. सन १९३८ च्या जून महिन्यात मुंबईहून एक इंग्रजी पुस्तिका पोष्टाने आली आणि हेडमास्तरांनी ती माझ्याकडे मराठी करण्यासाठी दिली. मी संस्कृत शिकवीत असे. जे कोणालाच समजत नाही ते मला समजत असले पाहिजे, असा नंदुरबारात माझ्याविषयी समज होता आणि तो मीही कधी खोडून काढला नव्हता. आठवड्याभरात मी सर्व कलमे मराठीत उतरवली. कडे जमिनीपासून दहा फूट, त्याचा व्यास अठरा इंच, चेंडूचा घेर तीस इंच, वजन इतके औंस. न पाहिलेल्या वस्तूविषयी बिनचूक बोलण्याची आमच्या शास्त्रांत थोर परंपरा आहे. मी तिला शोभेसे काम केले.

जुलैत मद्रासेकडे शिकून आलेले ड्रिलमास्तर नवलसिंग हजर झाले. त्यांच्या ट्रंकेत एक खराखुरा चेंडू होता. शाळेमागच्या मैदानात दोन खांब उभे राहिले, लोहाराने कडी घडवली, आणि डिसेंबरात धुळ्यास जिल्ह्याचे सामने होणार असून दिवाळीच्या सुटीनंतर दहा मुलांची निवड होईल, असे फळ्यावर लागले. धुळ्यास मुले उतरणार कोठे, हा प्रश्न हेडमास्तरांनी ऑगस्टातच सोडवला. तिथल्या एका वसतिगृहास पत्र गेले आणि होकारही आला. पत्र मीच लिहिले होते. शाळेची सारी पत्रे मीच लिहीत असे; माझ्या भाषेची तारीफ होत असे.

युसुफ त्या वर्षी इंग्रजी पाचवीत होता. गफूर पिंजाऱ्याचा हा एकुलता मुलगा, वय पंधरा, उंची वर्गातल्या कोणाहीपेक्षा वीतभर अधिक. शाळेस फारसीचा शिक्षक परवडत नसल्यामुळे तो संस्कृत शिकत होता. ती भाषा आपल्याला जन्मतःच येते असे ज्याला घरी कोणी सांगितलेले नाही, असा माझ्या वर्गातला तो एकमेव विद्यार्थी. त्यामुळे त्याला ती थोडी येऊ लागली होती.

एके दिवशी तास संपल्यावर तो माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"मास्तर, त्या खेळाचे नियम तुम्ही लिहिले ना?"

"भाषांतर केले. का?"

"माले खेळनं शे." मग जीभ चावून त्याने वाक्य शाळेच्या मराठीत पुन्हा मांडले, "मला खेळायचे आहे. पण सराव पाच वाजेला असतो. पाच वाजेला मी बापाजवळ असतो."

शाळेचा चेंडू पाच वाजता कपाटातून निघे आणि सहाला परत कुलपात जाई. युसुफ पाचला पिंजलेला कापूस गाद्यांत भरीत असे. पहाटे मात्र तो मोकळा होता. मी त्याला म्हणालो की चेंडू आणि कडे मिळाले, तर बाकीचे पुस्तकात आहे. एवढे वाक्य बोलून मी त्याचा शिक्षक झालो.

दुसऱ्या दिवशी मी पिंजारवाड्यात गेलो. गफूरच्या अंगणात कापसाचे तंतू हवेत तरंगत होते. त्याच्या भुवयांवर, मिशीवर, त्याच्या बायकोच्या, नईमाबाईंच्या, ओढणीवर सगळीकडे तेच. त्याने धनुष्यासारखे, तांत लावलेले पिंजण खाली ठेवले, खाट झटकली आणि माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मास्तर, मी सरळ सांगस," तो म्हणाला. "दसरा व्हयना का मन्हं काम चालू व्हस. गावेगाव फिरनं पडस, धानोरा, लोणखेडा, तापीकाठना बठ्ठा गुजरसना गावं. एकला माणूस पिंजी का शिवी? माले दुसरा हात जोयजे. गया साल बी मी याले शाळामाईन काढी लेनार व्हतू. याना मायनी रडी रडी ऱ्हावू दिन्हा."

"निवड झाली तर त्याची फी माफ होईल," मी म्हणालो, "आणि मॅट्रिकपर्यंत त्याला कोणी काढू शकणार नाही. तसा ठराव आहे."

गफूरने थोडा विचार केला. "ठीक शे. निवडपावत मी एकला खेची लिसू. याले धुळाले लई गयात, ते शाळा. नही लई गयात, ते पिंजण. पण काय पाही निवडतीन?"

"खेळ पाहून."

"नुसता खेळ?"

"नियमांत दुसरे काही नाही."

"तुमनी जबान शे ना, मास्तर?"

"आहे," मी म्हणालो. सर्व कलमे मला तोंडपाठ होती.

चेंडू गफूरने स्वतः केला. फाटक्या मोटेच्या कातड्याच्या फाका मोच्याकडून शिवून घेतल्या आणि आत कापूस भरला. पिंजारी दुसरे काय भरणार? मी घेर सांगितला, वजन सांगितले. घेर बरोबर येई तेव्हा वजन जास्त होई. वजन जुळे तेव्हा चेंडू पिचके. शेवटी त्याने तोच कापूस सात वेळा पिंजला, इतका हलका की फुंकर मारली तर उडावा, आणि घेर व वजन दोन्ही तंतोतंत जुळवून दिली. मी पुस्तिका उघडून दोन्ही आकडे ताडून पाहिले आणि समाधानाने मिटली. त्याच पानावर खाली आणखी एक कलम होते, सहा फुटांवरून सोडला असता चेंडू किती उसळला पाहिजे याचे. ते मी भाषांतरिले होते. वाचून दाखवले नव्हते. ज्याला घेर आहे, वजन आहे आणि जो गोल आहे तो उसळतोच, असे मी अनुमानाने सिद्ध धरले होते. कापसाचा चेंडू जमिनीवर टाकला की ठप्प करून तिथेच बसे.

कड्याच्या जागी नईमाबाईंची कापूस वाहण्याची टोपली आली. बूड कापून गफूरने ती निंबाच्या खोडाला दहा फुटांवर बांधली.

"बूड नही अशी टोपली," नईमाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "वरथीन टाकं का खाले पडस. हाई शाळामा शिकाडतस?"

"पडनं का जितनं, माय," युसुफ म्हणाला.

"मन्ही चांगली टोपली व्हती ती! जितना का माले दुसरी आनी दे."

तीन महिने मी रोज पहाटे पिंजारवाड्यात जात होतो. खाटेवर बसून कलमे वाचीत असे: चेंडू हाती घेऊन चालू नये, एक पाय रोवून दुसऱ्याने फिरावे, अंगाला अंग लावू नये. चेंडू आपटीत पळत जाण्याचेही कलम होते. युसुफने ते एकदा करून पाहिले. चेंडू जमिनीला चिकटला आणि तो एकटाच पुढे गेला. नईमाबाई हसून हसून बेजार झाल्या. मी ते कलम पुढच्या पाठासाठी राखून ठेवले, म्हणजे सोडून दिले.

खरे शिकवले ते गफूरने. पहिल्या आठवड्यात युसुफ दोन्ही हातांनी चेंडू ढकलत असे आणि चेंडू टोपलीच्या काठावर आदळत असे. गफूर आठ दिवस पिंजता पिंजता बघत होता. नवव्या दिवशी त्याने हातातले काम टाकले.

"ढकलू नको ना रे! तांतले हात लाई ठेवशी ते काय व्हई?"

"सूर मरी जाई."

"मंग? ठोका दे आन् हात सोडी दे. मनगट ढिलं. देख." त्याने पिंजणाच्या तांतीवर लाकडी मूठ मारली, तांत थरथरली तेव्हा त्याचा हात केव्हाच बाजूला झालेला होता. "कापूसले वाटालेच नको का कोनी मारं."

युसुफने चेंडू उचलला, मनगट सैल सोडले आणि सोडता सोडता झटकले. चेंडू टोपलीतून काठाला न शिवता खाली आला. बापाने पुन्हा पिंजण उचलले; जणू काही घडलेच नव्हते. मात्र त्या दिवसापासून दर ठोक्याबरोबर त्याची नजर निंबाकडे जाऊ लागली. दिवाळीपर्यंत युसुफ अंगणाच्या कोणत्याही कोपऱ्यातून, पाठमोरा उभा राहून, फिरून, दहांतले आठ चेंडू टोपलीत टाकीत होता. तोवर दसरा उलटून तीन आठवडे झाले होते. गफूर एकटाच गावोगाव जात होता आणि परतल्यावर पाठ धरून खाटेवर बसत होता.

निवडीच्या दिवशी मैदानाभोवती निम्मी शाळा जमली. युसुफच्या अंगात आईने गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची शिवलेली चड्डी होती. तिच्यावर प्रथम नजर गेली ती छगनची. हा तापीकाठच्या एका सधन गुजर पाटलाचा मुलगा. अंगाने भरलेला, तोंडाने त्याहून.

"अरे, गादीच चालत उनी!" तो ओरडला. मैदान हसले.

नवलसिंगांनी युसुफकडे चेंडू टाकला, मुद्दाम जमिनीवर आपटून. युसुफ तो जिथे पडेल तिथे उचलायला वाकला आणि चेंडू उसळून त्याच्या हनुवटीवर बसला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत तक्रार नव्हती. जिवंत वस्तू हाती आल्यावर होतो तसा नुसता अचंबा होता.

"मास्तर, हाऊ उडस!"

"ए गादीवाला," छगन म्हणाला, "चेंडू शे तो, उशी नही! का उशाखाले लिसन झोपी जाशी?"

त्या क्षणी मला ते कलम आठवले, त्याचा आकडा, त्याचे पान. मी उभा होतो तिथेच उभा राहिलो.

युसुफने दोनदा चेंडू आपटून पाहिला; दोन्ही वेळा तो हातून सुटला. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्नच केला नाही. त्याने चेंडू जमिनीला देणे बंद केले. येईल तो चेंडू हवेतच घ्यायचा, एक पाय रोवून फिरायचे, मोकळा गडी दिसला तर त्याला द्यायचा, न दिसला तर जिथे असू तिथून मनगट झटकायचे. बाकीची मुले चेंडू आपटीत मैदानभर धावत होती आणि वाटेत तो एकमेकांच्या हाती गमावत होती. हा एका जागी उभा होता आणि कड्याखालची जाळी हलत होती. अर्ध्या घटकेने हसणे थांबले. आणखी थोड्या वेळाने छगन स्वतःच "युसुफले दे, युसुफले दे!" असे ओरडू लागला.

खेळ संपल्यावर नवलसिंग शिट्टी तोंडातून काढायचे विसरून माझ्याकडे आले. "शास्त्रीबुवा, हा पोरगा कुठं लपवला होता? मद्रासला आमचे मास्तर घसा फोडून सांगायचे, चेंडू जमिनीला देऊ नका, माणसाला द्या. एकाला समजलं नाही. याला कुणी शिकवलं?"

"त्याच्या बापाने," मी म्हणालो. उरलेले श्रेय कापसाचे होते. ते मी सांगितले नाही.

पलीकडे छगन युसुफचे मनगट हातात धरून उलटेसुलटे पाहत होता. "कसं करस रे? दाखाड ना एकदाव."

नवलसिंगांनी माझ्यादेखत यादी लिहिली. युसुफचे नाव तिसरे होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दहा नावे लागली. तिसऱ्या जागी छगन होता. दहांच्या खाली रेघ मारून लिहिले होते: 'राखीव – युसुफ गफूर पिंजारी. राखीव खेळाडूने गावातच राहून तयार असावे.'

युसुफ ते वाचून वर्गात येऊन बसला. माझ्या तासाला त्याने वही उघडली, दिलेला श्लोक उतरवून घेतला. मी त्याच्याकडे पाहिले नाही. ही गोष्ट त्याने माझ्याकडे पाहिले किंवा नाही यापेक्षा मला अधिक निश्चित आठवते.

हेडमास्तर सभ्य गृहस्थ होते. मी आवाज चढवून बोललो तरी त्यांनी मला बसायला सांगितले.

"मला स्वतःला खेद आहे," ते म्हणाले. "व्यक्तिशः मी या मताचा नाही, हे तुम्ही जाणता."

"मग कोण आहे या मताचे?"

त्यांनी फायलीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ऑगस्टातल्या पत्राची नक्कल. अक्षर माझे होते. तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिले होते: 'आमचे सर्व विद्यार्थी स्पृश्य हिंदू, सदाचरणी व निर्व्यसनी असून त्यांच्या योगे आपल्या पंक्तीस यत्किंचितही बाधा पोहोचणार नाही, याविषयी आपण निःशंक असावे. तशी हमी शाळेच्या वतीने देण्यात येत आहे.'

हे वाक्य लिहिल्याचे मला आठवत नव्हते. कारण ते मी लिहिलेच नव्हते, असे म्हणता येईल. वसतिगृहांना जाणारी पत्रे तेव्हा अशीच असत, आणि नमस्कारानंतर जसा विनंतीविशेष येतो तसे ते तिसऱ्या परिच्छेदात आपोआप येत असे. माझे काम एवढेच की ते मी शुद्ध लिहिले होते. 'यत्किंचितही' माझे होते.

"या हमीवर त्यांनी होकार दिला आहे," हेडमास्तर म्हणाले. "हमी आपण दिली."

"युसुफ दुसरीकडे उतरेल. धुळ्यात मुसाफिरखाना आहे."

"आणि दिवसभर याच मुलांच्या अंगाला अंग लावून खेळेल. संध्याकाळी तीच मुले त्यांच्या स्वयंपाकघराशेजारी पंगतीस बसतील. ते विचारणार नाहीत असे तुम्हाला वाटते?"

'अंगाला अंग लावू नये,' हे कलम मला आठवले. नियम सर्वत्र एकच निघाला.

"मी दुसरे पत्र लिहितो," मी म्हणालो. "हमी मागे घेतो."

"अवश्य लिहा. सहीही मी करीन." त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली. "त्यांचा नकार आला तर दहाही मुले जाणार नाहीत. सामने आठवड्यावर आहेत. एवढ्यांची दुसरी सोय होणे नाही. मग त्या दहा बापांना उत्तर मात्र तुम्ही द्यायचे."

दाराशी नवलसिंग उभे होते. ते म्हणाले, "साहेब, हा पोरगा नसेल तर आपण पहिल्याच सामन्यात हरू." हेडमास्तरांनी त्यांना त्यांची नेमणूक मार्चपर्यंतच असल्याची आठवण करून दिली नाही, फक्त त्यांच्याकडे पाहिले. नवलसिंग परत गेले.

मी पत्र लिहिले. चांगले लिहिले. सही झाली, पाकिटावर पत्ता झाला. मग ते पाकीट मी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवले, आणि पोष्टाच्या पेटीवरून चार दिवस येत-जात राहिलो. त्या चार दिवसांत मी पिंजारवाड्यात गेलो नाही. या काळात मी पुष्कळ विचार केला. विचार करणे हा माझा व्यवसाय होता.

पाचव्या दिवशी रविवारी गफूर स्वतःच माझ्या घरी आला. येणारच होता, थंडीच्या तोंडावर आमच्या गाद्या तोच पिंजीत असे, अकरा वर्षे. या खेपेस पिंजण युसुफच्या खांद्यावर होते. अंगणात चटई पसरली, जुन्या गाद्या उसवल्या आणि युसुफ कामाला बसला. ठोका, तांतीचा सूर, ठोका. हात अगदी वेळेवर बाजूला होत होता.

गफूर ओट्याच्या पायरीखाली उभा राहिला. "मास्तर, एक इचारू? त्यानं खराब खेळ करा का?"

"नाही. सर्वांत चांगला केला."

"मंग?"

मी आत गेलो, हेडमास्तरांकडून मागून आणलेली नक्कल घेऊन आलो आणि तिसरा परिच्छेद वाचून दाखवला. त्याने मान खाली घालून ऐकला.

"येवढं भारी मराठी माले समजत नही. काय लिखेल शे?"

युसुफने ठोका थांबवला नाही. "त्यामा लिखेल शे का आम्ही पंगतमा नही चालतस," तो म्हणाला.

"कोनी लिखं?"

"मी," मी म्हणालो.

"कव्हय?"

"ऑगस्टात."

गफूरने बोटांवर महिने मोजले. चेंडू त्याने ऑगस्टाच्या शेवटी शिवून घेतला होता. मी जबान दिली तेव्हा पत्र जाऊन पंधरा दिवस झाले होते. ते त्याने मोजले, मीही त्याच्याबरोबर मनात मोजले, आणि दोघेही एकदमच थांबलो.

"मी दुसरे पत्र लिहिले आहे," मी म्हणालो आणि खिशातून पाकीट काढले. इतके दिवस खिशात राहून त्याचे कोपरे मऊ झाले होते.

त्याने ते पाकीट पाहिले. हात पुढे केला नाही. "धाडं नही?"

उद्या सकाळच्या मोटारीने मुले जाणार होती.

"ऱ्हावू द्या," गफूर म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरे वाटले असते. "तुमना हाते चांगलं अक्षर शे. वाया जाई."

दुपारी युसुफला तहान लागली. माझी पत्नी तांब्या घेऊन बाहेर आली. अकरा वर्षे ती गफूरला जशी देत असे तसेच तिने पाणी वरून, हातभर अंतर ठेवून, ओतले. आणि पंधरा वर्षांच्या त्या मुलाने ओंजळ धरली. मनगटे सैल होती. एक थेंब खाली सांडला नाही. अकरा वर्षे मी हे ओट्यावर बसून पाहत आलो होतो, बहुधा काहीतरी वाचता वाचता.

संध्याकाळी गाद्या शिवून झाल्या. शेवटची एक, माझी, जरा पातळ भरली होती. जुना कापूस झडून कमी झाला होता. युसुफने पिशवीत हात घातला आणि कातड्याचा चेंडू बाहेर काढला. बापाच्या चाकूने त्याने एक शिवण उसवली. कापूस पांढराशुभ्र, फुलासारखा बाहेर आला. त्याने तो माझ्या गादीत भरला, पसरला, थापटून सारखा केला आणि तोंड शिवून टाकले.

"हा कापूस कशाला?" मी म्हणालो. "राहू दे तुझ्याकडे."

"सातदाव पिंजेल शे, मास्तर," तो म्हणाला. "मऊ शे. तुमले चांगली झोप लागी."

रिकामे कातडे त्याने घडी करून पिशवीत ठेवले, पिंजण खांद्यावर घेतले आणि बापाच्या मागे गल्लीच्या तोंडाकडे चालू लागला. पुढचे गाव धानोरा होते. वळणावर निंबाची एक फांदी रस्त्यावर आली होती. तिच्याखालून जाताना त्याने मान वर केली, क्षणभर, आणि पुन्हा खाली घातली.